अवेळीचा डाग



आज ज्या विषयावर मी आपल्याशी बोलणार आहे, तो पुरुषाने चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानत आले. शिवाय मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा 'या मास्तरांना बायकांच्या दुखण्यात पडायला कोणी सांगितले?' असे कोणाच्या मनात आले तर त्यात गैर काही नाही. परंतु आमच्याच घरी एक दुखणे आठ महिने सर्वांच्या देखत वावरत होते आणि ते कोणालाच कळले नाही. का कळले नाही याचा विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की घोटाळा पुष्कळसा शब्दांचा होता. आणि शब्द हा तर माझा रोजचा धंदा. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, तरी त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून असल्या विषयांवर निर्भीडपणे लिहिले. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. पण गणिताच्या माणसाला जे वर्ज्य नव्हते, ते भाषेच्या माणसाने तरी का वर्ज्य मानावे?

गोष्ट २०२२ सालची. माझे थोरले बंधू गावी शेती पाहतात. वहिनींचे वय तेव्हा बावन्न. पाळी जाऊन दोन वर्षे उलटली होती. उन्हाळ्यात एके दिवशी त्यांना परकरावर डाग दिसला. दोन दिवसांनी थांबला. पंधरवड्याने पुन्हा दिसला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पाळी परतून येते काहींची. अंगात रक्त आहे अजून, चांगलंच आहे की!" वहिनींनाही ते बरे वाटले असावे. दुखत तर काहीच नव्हते. गावात आरोग्य शिबिर झाले तेव्हा त्या गेल्या आणि तिथल्या नर्सबाईंना हळूच म्हणाल्या, "अंगावरून जातंय."

आता आपल्या बोलीत 'अंगावरून जाणे' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा पांढरे जाणे येते. वहिनींच्या मनात लाल होते. "पांढरं का लाल?" असे नर्सबाईंनी विचारले नाही, आणि रांगेत मागे चार ओळखीच्या बायका उभ्या असताना वहिनींनी ते आपणहून सांगितले नाही. पांढऱ्यावरच्या गोळ्या मिळाल्या. त्या इमानेइतबारे खाल्ल्या. डाग येतच राहिले.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. माझ्या पत्नीला न्हाणीघराच्या मागे वाळत घातलेली कापडे दिसली. तिने विचारले, "अक्का, ही कुणाची?"

"माझीच की. पुन्हा सुरू झालीय."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने. वयाचंच आहे गं. तू भावजींना काय सांगू नकोस."

तिने अर्थातच सांगितले. मी बंधूंना विचारले तर ते म्हणाले, "ती काय बोलली नाही, आणि बायकांचं आपण काय विचारायचं?" एका घरात तीस वर्षे राहणाऱ्या दोन माणसांची ही कथा. मी शहाणा होतो असे समजू नका. त्या आठ महिन्यांत मी तीनदा गावी जाऊन आलो होतो, वहिनींच्या हातचे जेवून आलो होतो.

तालुक्याला एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितले, "पिशवीत काहीतरी आहे. मुलंबाळं झाली आहेत, वयही झालंय. पिशवीच काढून टाका, कटकट संपेल." बंधू तयार झाले होते. पत्नीने हट्ट धरला म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्यांनी दुर्बिणीतून आत पाहिले. गर्भाशयात देठ असलेला, सुपारीपेक्षा किंचित मोठा एक कोंब होता. त्यालाच पॉलिप म्हणतात.

हा पॉलिप म्हणजे काय ते आधी सांगतो. गर्भाशय म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती. तिला आतून एक मऊ अस्तर असते. गावाकडच्या बहिणींना सांगायचे तर भिंतीला सारवण असते तसे. दर महिन्याला हे सारवण जाड होते, गर्भ राहिला नाही की सुटून पडते आणि पुन्हा नवे धरते. सुटून पडते तीच पाळी. या अस्तराचाच एखादा भाग कधीकधी जास्त वाढतो आणि इतरांबरोबर गळून न पडता तिथेच कोंबासारखा धरून राहतो. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. एखादा बुडाशी पसरट असतो, एखादा भेंडीसारखा देठावर लोंबतो. तिळाएवढा असू शकतो, सुपारीएवढा होतो, क्वचित लिंबाएवढाही. एक असेल किंवा चार असतील. 'पॉलिप' हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ 'पुष्कळ पायांचा' असा आहे. या बिचाऱ्याला बहुधा एकच पाय असतो. नाव ठेवणाऱ्याने समुद्रातल्या प्राण्यावरून ठेवले.

चाळिशी आणि पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे पाळी जाण्याच्या आगेमागे, तो जास्त आढळतो. वीस वर्षांच्या आतल्या मुलींत विरळा. शरीरातील इस्ट्रोजेन नावाचा स्राव अस्तर वाढवतो आणि प्रोजेस्टेरॉन नावाचा दुसरा स्राव त्या वाढीला आवर घालतो. चाळिशीनंतर हा दुसरा कमी पडू लागतो आणि पहिल्याला मोकळे रान मिळते. वजन फार वाढलेल्या व रक्तदाब असलेल्या स्त्रियांत पॉलिप अधिक दिसतो. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन नावाची गोळी काही वर्षे घ्यावी लागते. ती घेणाऱ्या बहिणींनीही सावध असावे. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ती जीव वाचवणारी आहे. बाकी जड उचलल्याने, वातूळ खाल्ल्याने, पाळीत देवाला शिवल्याने किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने पॉलिप होतो, या समजुतींना आधार नाही. तो एकीपासून दुसरीला लागतही नाही.

आता मुख्य गोष्ट, लक्षणांची. पॉलिप दुखत नाही. क्वचित ओटीपोटात कळ येते, पण बहुतेकींना काहीच दुखत नाही, आणि फसगत नेमकी इथेच होते. आपल्याकडे दुखणे म्हणजे दुखले पाहिजे. दात दुखला की माणूस रात्री दार ठोठावतो. न दुखता महिनोन् महिने रक्त गेले तरी बाई ते अंगावर काढते. पॉलिप फक्त रक्ताच्या वेळेवरून आणि प्रमाणावरून ओळख देतो. म्हणून वेळ आणि प्रमाण ही दोन मापे प्रत्येक स्त्रीला ठाऊक हवीत.

साधारण पाळी तीन ते पाच आठवड्यांच्या अंतराने येते आणि सात-आठ दिवसांच्या आत आटोपते. आपापले अंतर प्रत्येकीला माहीत असते. दोन पाळ्यांच्या मध्ये, कधी तांबडा, कधी तपकिरी, कधी गुलाबी पाण्यासारखा डाग दिसणे ही पॉलिपची सर्वांत मोठी खूण. पाळी संपली असे वाटते, दोन दिवस कोरडे जातात आणि पुन्हा डाग येतो, हेही त्यातलेच. एखाद्या महिन्यात एकदाच, बरोबर मध्यावर, ठिपका दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. बीज सुटण्याच्या वेळी काहींना तसे होते. पण महिन्यामागून महिना होत असेल तर दाखवावे.

दुसरी खूण जास्त जाण्याची. 'जास्त' हा शब्द फसवा आहे. एकीचे जास्त दुसरीला थोडे वाटते, आणि जिला पहिल्यापासूनच जास्त जाते तिला तर तेच साधारण वाटते. म्हणून माप सांगतो. तासा-दोन तासांना कापड किंवा पॅड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांपेक्षा जास्त चालणे. यांपैकी एक जरी असेल तरी ते जास्तच. असे रक्त जात राहिले की अंगातले लोह संपते. मग बांध चढताना धाप लागते, नखे पांढुरकी दिसतात, डोके गरगरते, कामात मन लागत नाही. काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या आपल्या एखाद्या सहकारी बाई हल्ली सारख्या खुर्ची शोधतात, त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्या. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. सगळ्यांना पॉलिप असतो असे मुळीच नव्हे. खाण्यातला कमीपणा हे मोठे कारण आहे. पण लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, तर ते वाहून कुठे जाते हे पाहायला नको का? रांजणाला खालून भोक असताना वरून किती घागरी ओतणार?

तिसरी खूण वहिनींची. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे धरतात. त्यानंतर दिसलेला डाग, तो एकदाच दिसला असो, ठिपक्याएवढा असो, फिकट असो, तपासलाच पाहिजे. पाळी 'परतून' येत नाही. शेजारच्या काकूंचा शब्द इथे खाली पडू द्यावा. पाळी गेल्यानंतर रक्त आलेल्या स्त्रियांची तपासणी केली असता दहांतल्या जवळजवळ नऊ जणींत साधेच कारण निघते. पातळ झालेले अस्तर असते, पॉलिप असतो, आणखी काही असते. परंतु दहांतल्या साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. आणि या कर्करोगाचा एक गुण, गुणच म्हणायचा, असा की दहांपैकी नऊ जणींत तो रक्त दाखवूनच येतो. म्हणजे तो दार वाजवतो. वेळेवर दार उघडणारीला तो बहुधा लवकरच्या अवस्थेत सापडतो, आणि तेव्हा उपचार चांगला लागू पडतो.

आणखी एक खूण संकोचाची आहे, पण सांगितली पाहिजे. पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसत असेल तर त्याचा उगम पुष्कळदा गर्भाशयाच्या तोंडाशी असतो. तिथेही पॉलिप होतो आणि तो साध्या तपासणीत डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतो. पण तिथेच गर्भाशयमुखाचा कर्करोगही होतो आणि तोही असाच डाग दाखवतो. म्हणून ही गोष्ट लपवू नये.

काही तरुण जोडप्यांत मूल राहत नाही किंवा वारंवार गर्भ पडतो, तेव्हा तपासणीत आत पॉलिप सापडतो. तो काढल्यावर काही जणींना दिवस राहतात. सर्वच वांझपणाचे मूळ पॉलिप नव्हे, आणि तपासणी एकट्या सुनेची करून भागत नाही, मुलाचीही करावी लागते. हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. आणि कित्येकींना पॉलिप असूनही एकही लक्षण नसते. भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि तो दिसला, असेही होते.

यावर चाणाक्ष श्रोता विचारील की, मास्तर, ही लक्षणे दुसऱ्या कशाचीही असू शकतील! अगदी बरोबर. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, बसवलेली तांबी, चालू असलेली इंजेक्शने किंवा गोळ्या, रक्त न गोठण्याचा विकार, अशी कितीतरी कारणे आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०११ साली अवेळी व अतिरिक्त रक्तस्रावाच्या कारणांची नऊ खान्यांत वर्गवारी केली. तिच्यात पहिला खाना पॉलिपचा आहे. घरबसल्या लक्षणांवरून 'मला पॉलिपच आहे' असे कोणी ठरवू शकत नाही, डॉक्टरही नाही. घरच्या माणसाने ओळखायचे ते एवढेच की हे रक्त अवेळी आहे, किंवा प्रमाणाबाहेर आहे. पुढची ओळख तपासणीने पटते. मात्र पाळी चुकलेली असून त्यानंतर डाग आणि पोटात कळ आली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका असते. त्या दिवशीच दवाखाना गाठावा. तासातासाला पॅड भिजून चक्कर येत असेल तर सकाळची वाट पाहू नये.

तपासणीची भीती पुष्कळ असते, म्हणून तीही सांगतो. आधी डॉक्टर विचारतात, हाताने तपासतात, रक्त तपासतात. मग सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनिमार्गातून केलेलीत अस्तर स्पष्ट दिसते. बारीक नळी असते, सुई टोचत नाहीत. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळी संपल्यावर लगेच, पहिल्या दहा दिवसांत ती करवून घ्यावी. पेरणीच्या वेळी रानातला दगड दिसतो, पीक गुडघ्याला लागले की दिसत नाही. अस्तर जाड झाले की त्यात पॉलिपही तसाच लपतो. पाळी गेलेल्या स्त्रीचे अस्तर चार मिलिमीटरपर्यंत असले तर सहसा काळजीचे कारण नसते. तरीही डाग येतच राहिले तर पुढे तपासतात.

खात्रीची तपासणी दुर्बिणीची. तिला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. पोटावर चीर नाही, टाका नाही. खालच्या वाटेने पेन्सिलीहून बारीक नळी आत जाते आणि डॉक्टरांना पडद्यावर पिशवीचे आतले घर दिसते. कल्पना जुनी आहे. १८६९ साली पँतालेओनी नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात नळीवाटे डोकावून पाहिले. पाळी गेल्यावर तिला रक्त जात होते. आत त्यांना कोंबासारखी वाढ दिसली आणि ती त्यांनी सिल्व्हर नायट्रेटने जाळली. गर्भाशयात डोळ्यांनी पाहण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानतात. म्हणजे आमच्या वहिनींचे दुखणे आणि त्या बाईचे दुखणे एकच. मध्ये दीडशे वर्षे गेली. आपल्याकडे 'क्युरेटिंग' हा शब्द घरोघर माहीत आहे. त्यात आत न पाहता अस्तर खरवडतात. देठावर हलणारा पॉलिप त्या खरवडण्यातून निसटू शकतो. म्हणून क्युरेटिंग झाल्यावरही डाग चालूच राहिले, तर दुर्बिणीची तपासणी कुठे होईल हे विचारावे. ती सोय प्रत्येक गावी नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी.

दुर्बिणीतून पाहता पाहताच पॉलिप देठाशी कापून काढता येतो. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. चार-आठ दिवस थोडा डाग राहतो. गोळ्यांनी रक्त तात्पुरते कमी होते, पॉलिप जात नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीचा पॉलिप अगदी लहान असेल आणि तक्रार काही नसेल, तर डॉक्टर नुसते लक्ष ठेवायलाही सांगतात. काही लहान पॉलिप आपोआप जिरतात. काढलेला तुकडा मात्र प्रयोगशाळेत तपासलाच पाहिजे. शंभर पॉलिपांत पंच्याण्णवांहून अधिक साधे निघतात. उरलेल्यांत कर्करोग किंवा त्याची पूर्वतयारी सापडते, आणि पाळी गेल्यावर रक्त येणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. वहिनींचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत आमचे बंधू, ज्यांना बायकांचे काही विचारायचे नव्हते, रोज दोनदा मला फोन करून 'आला का कागद?' म्हणून विचारत. कागद आला. साधा पॉलिप होता.

त्या पहिल्या डॉक्टरांचे ऐकले असते तर पिशवी गेली असती. नुसत्या साध्या पॉलिपसाठी पिशवी काढण्याची गरज नसते. हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्या राज्यात या बाबतीत फार दुःखद गोष्ट घडलेली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायका कितीतरी. उसाच्या फडात पाळीचा खाडा परवडत नाही, अंगावरून जाते म्हणून गेले की 'काढून टाका' असे सांगणारे भेटतात, आणि पुढे कर्करोग होईल या भीतीपोटी घरचेही होकार देतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तरुणपणी अंगातून वाफा निघू लागतात आणि हाडे ठिसूळ होतात. काही आजारांत पिशवी काढावी लागते, हे खरे, तेव्हा काढावीच. पण आधी तीन प्रश्न विचारावेत: नेमका आजार कोणता? तुकड्याचा रिपोर्ट काय आला? यापेक्षा लहान उपाय आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. जे रागावतील त्यांच्याकडून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.

आता पुन्हा शब्दांकडे येतो. पाळीला आपल्याकडे किती नावे आहेत पाहा. कावळा शिवला, बाहेरची आहे, अडचण आहे, शहरातल्या मुली 'डेट आहे' म्हणतात. नावे अनेक, पण सरळ एकही नाही. घरात ही पडद्याची भाषा चालते, कारण ऐकणारीला आतला अर्थ ठाऊक असतो. दवाखान्यात ती चालत नाही. तिथे 'त्रास आहे', 'अंगावरून जातंय', 'बरं वाटत नाही' एवढ्यावर डॉक्टर अंदाज बांधतात, आणि अंदाज चुकला की आठ महिने जातात. तिथे म्हणावे: "मला लाल जातंय. पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. पहिला डाग अमक्या महिन्यात आला. पंधरा दिवसांनी येतो, दोन दिवस राहतो." बस्स. एवढ्या चार वाक्यांत डॉक्टरांचे निम्मे काम होते. तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर मुलीने, सुनेने लिहावे, गावातल्या आशाताईंना बरोबर न्यावे.

त्याहून सोपी युक्ती भिंतीवरच्या कॅलेंडरची. दुधाचा खाडा आपण त्यावर मांडतोच. पाळी आली त्या तारखेला एक फुली, जितके दिवस राहिली तितक्या फुल्या, आणि मध्येच डाग दिसला तर एक टिंब. तीन महिन्यांत चित्र समोर उभे राहते. कोणी पाहील म्हणून लाजायचे असेल तर पाहणाऱ्याला फुलीचा अर्थ कळण्याची गरज नाही. मुलींच्या शाळांत शिक्षिकांनी ही सवय आठवीपासून लावली तर पुढे चाळिशीत तिला हिशेब नव्याने शिकावा लागणार नाही. मात्र पाळी गेल्यानंतरच्या डागासाठी तीन महिने टिंबे मांडत बसू नये. तिथे एक टिंब पुरे, लगेच दाखवावे.

आणि पुरुष श्रोत्यांनो, आपल्या बैलाचे शेण पातळ झाले तर ते आपल्याला सकाळी कळते. घरातली बाई रात्री तीनदा उठते, उपवास नसताना अर्धी भाकरी टाकते, पाणी भरताना उंबऱ्यावर बसते, हे दिसायला विशेष विद्या लागत नाही. "तुला बरं नाही का? लाल जास्त जातंय का?" एवढे विचारायला आधी जीभ अडखळते. माझीही अडखळली होती. दुसऱ्यांदा कमी अडखळते.

शेवटी कागदाची गोष्ट. पॉलिप काढल्यावर काही जणींना तो पुन्हा होऊ शकतो. तेव्हा डॉक्टर पहिला रिपोर्ट मागतात, आणि तो सापडत नाही म्हणून सगळे पहिल्यापासून करावे लागते. सोनोग्राफीचे कागद, तुकड्याचा रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका जागी ठेवाव्यात. वहिनींचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत, आणि ती पिशवी कुठे आहे हे आता बंधूंनाही ठाऊक आहे.